हिशेब मागणारं बदक

२००५ सालच्या फेब्रुवारीत फ्रान्सचे अर्थमंत्री होते एर्वे गेमार. खातं मिळून तीन महिनेही झाले नव्हते. सरकारी खर्चाची देशाला चटक लागली आहे, ती सोडवायला हवी, असं ते जाहीरपणे सांगत. १६ फेब्रुवारीच्या बुधवारी पॅरिसमधल्या एका आठ पानी साप्ताहिकात त्यांच्या राहत्या घराची बातमी आली. शाँझेलिझेच्या श्रीमंत वस्तीतलं दुमजली घर, क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडच्या मापात साधारण साडेसहा हजार चौरस फूट. महिन्याचं भाडं १४,००० युरो, आणि ते भरणार सरकारी तिजोरी.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, हे फ्रेंचांनाही कळतं. गेमारांनी आधी आठ मुलांचा संसार पुढे केला. मग आपण चपला-बूट विकणाऱ्याचे पुत्र, साधी राहणी, पॅरिसमध्ये मालकीचं घर कुठलं, असा सूर लावला. ते ऐकून इतर वर्तमानपत्रंही कागद चाळायला बसली. पॅरिसमध्येच त्यांचं स्वतःचं प्रशस्त घर निघालं, तेही भाड्याने दिलेलं. २५ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. पहिल्या बातमीपासून नऊ दिवस लागले. दरम्यान पंतप्रधानांनी नियमही करून टाकला: मंत्र्याला सरकारी खर्चाने ८० चौरस मीटर, वर प्रत्येक मुलामागे २०. त्या हिशेबाने गेमार कुटुंबाला २४० मिळाले असते.

या साप्ताहिकाचं नाव 'ल कानार आँशेने', म्हणजे साखळीला बांधलेलं बदक. फ्रेंच बोलीत वर्तमानपत्रालाही बदकच म्हणतात. दर बुधवारी निघणाऱ्या या पत्राची आठ मोठी पानं काळ्या आणि लाल शाईत छापलेली असतात, त्यांत व्यंगचित्रं, कोट्या, टोमणे खच्चून भरलेले, आणि जाहिरात एकही नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या पत्राकडे लोक विनोदासाठी वळतात, हे खरं. पण फ्रान्सचे मंत्री आणि कारखानदार त्याला घाबरतात ते विनोदामुळे नव्हे. त्याच्या हाती कागद लागतात, आणि ते छापण्यापासून त्याला रोखायचं तर धरायला काही सापडत नाही. ना जाहिरात, ना कर्ज, ना कुणी शेठ. हे पत्र पैशावर काय लिहितं हे समजून घ्यायचं, तर ते स्वतः पैशाशी कसं वागतं हे आधी पाहावं लागतं.

थट्टा आणि जाहिरात: जन्म एकाच वर्षी

फ्रान्समध्ये पैशाची थट्टा बदकाच्या कितीतरी आधीची. १८३० च्या क्रांतीनंतर लुई-फिलिप गादीवर आला, आणि त्याच्याबरोबर सावकार, बँकर, कारखानदारांचं राज्य आलं. शार्ल फिलिपाँ या प्रकाशकाने तरुण चित्रकार ओनोरे दोमिए याला हाताशी धरलं. दोमिएने १८३१ च्या अखेरीस राजाचं एक चित्र काढलं: अवाढव्य राजा खुर्चीवर बसला आहे, गरिबांकडून गोळा केलेली नाणी टोपल्यांतून फळीवरून चढत त्याच्या तोंडात जात आहेत, आणि खुर्चीखालून मानपत्रं आणि नेमणुका बाहेर पडत आहेत. अर्थसंकल्पाचं इतकं सोपं स्पष्टीकरण क्वचितच कुणी केलं असेल. दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली.

१८३२ च्या डिसेंबरात फिलिपाँने 'ल शारिवारी' हे दैनिक काढलं. रोज नवं चित्र, हे त्याचं वैशिष्ट्य. १८३५ च्या सप्टेंबरात सरकारने कायदा करून राजकीय व्यंगचित्रांवर पूर्वपरवानगीचा बडगा उगारला. राजावर हसायची सोय राहिली नाही, तेव्हा शारिवारी राजाच्या मित्रांकडे वळलं. रंगभूमीवर गाजलेला रोबेर माकेर नावाचा भामटा दोमिएने उचलला आणि १८३६ ते १८३८ या काळात त्याची शंभर चित्रं काढली. माकेर कधी वकील, कधी वैद्य. पण त्याचा खरा धंदा कंपन्या काढण्याचा. तेव्हा पॅरिसमध्ये भागभांडवली कंपन्यांचं पेव फुटलं होतं. डांबराच्या, कोळशाच्या, कशाच्याही कंपनीचे समभाग लोक डोळे मिटून घेत होते. पहिल्याच चित्रात माकेर आपल्या मळकट जोडीदाराला, बेर्त्राँला, बँक काढायची योजना समजावतो. बेर्त्राँला धास्ती पोलिसांची. माकेर त्याला वेड्यात काढतो: कोट्यधीशाला कधी कुणी पकडतं का?

त्याच १८३६ च्या १ जुलैला एमिल द झिरार्दँ याने 'ला प्रेस' हे दैनिक सुरू केलं. इतर दैनिकांची वर्षाची वर्गणी ८० फ्रँक होती, याने ४० ठेवली. उरलेले पैसे जाहिरातदार देणार. आज जगभरची वर्तमानपत्रं ज्या गणितावर चालतात, ते गणित इथे मांडलं गेलं. दोमिएने माकेरच्या मालिकेत झिरार्दँलाही सोडलं नाही. स्वस्त झालेल्या वर्तमानपत्राचे उरलेले चाळीस फ्रँक भरणारा कोण, आणि तो बदल्यात काय मागेल, हा त्या चित्रांतला प्रश्न पुढे शंभर वर्षं पॅरिसला छळणार होता.

या शारिवारीचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. १८४१ मध्ये लंडनला 'पंच' निघालं तेव्हा त्याने स्वतःला 'लंडनचं शारिवारी' असंच म्हणवून घेतलं. त्या पंचचं अनुकरण करत मुंबईत 'पारसी पंच' आलं आणि पुढे ठाण्याहून मराठी 'हिंदुपंच'. नाव इंग्रजी पत्राचं, पण कूळ पॅरिसचं.

ज्याची खावी पोळी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसची वृत्तपत्रं आणि शेअर बाजार यांची इतकी गट्टी जमली होती की, वर्तमानपत्राचं अर्थविषयक पान म्हणजे विकाऊ जागा, हे सगळे धरून चालत. बँकेला कर्जरोखे विकायचे असले की ती मध्यस्थामार्फत रक्कम वाटे. काही पैसा जाहिरातीचा, काही कौतुकाचा, आणि काही नुसता गप्प बसण्याचा. पनामा कालव्याची कंपनी १८८९ मध्ये बुडाली तेव्हा असंख्य छोट्या गुंतवणूकदारांची पुंजी तिच्यात गेली. १८९२ मध्ये भांडं फुटलं आणि कळलं की खासदारांइतकीच वर्तमानपत्रंही कंपनीने पोसली होती.

त्याहून मोठा धडा रशियन कर्जाचा. १८८८ पासून झारच्या सरकारने पॅरिसच्या बाजारात कर्जामागून कर्ज उभारलं. दुकानदार, शिक्षक, विधवा, पेन्शनर, सगळ्यांनी ते रोखे घेतले. रोखेधारकांची संख्या सुमारे पंधरा लाखांवर गेली. १९०४-०५ मध्ये रशिया जपानकडून मार खात होता, देशात बंडं पेटत होती, तरी पॅरिसच्या वर्तमानपत्रांत रशियाची प्रकृती ठणठणीत होती. १९१८ मध्ये बोल्शेविक सरकारने झारची सगळी कर्जं अमान्य केली आणि रोखे रद्दी झाले. पुढे १९२३ च्या अखेरीपासून 'ल्युमानिते' या कम्युनिस्ट दैनिकाने पॅरिसमधले रशियन अर्थखात्याचे प्रतिनिधी आर्थर राफालोविच यांची पत्रं छापायला घेतली. कोणत्या वर्तमानपत्राला किती फ्रँक दिले, याचा तपशील त्यांत होता. पैसे वाटणारा राफालोविचच आपल्या वरिष्ठांकडे या वृत्तपत्रांच्या किळसवाण्या लाचखोरीबद्दल तक्रार करत होता. लाच देणाऱ्यालाच शिसारी यावी, अशी ती अवस्था.

बदक जन्मलं ते या बाजारात, पण निमित्त युद्धाचं होतं. १० सप्टेंबर १९१५ रोजी मोरिस मारेशाल, त्यांची पत्नी जान आणि व्यंगचित्रकार गासिए यांनी पहिला अंक काढला. राजकारणी क्लेमांसो यांच्या 'स्वतंत्र माणूस' या पत्राला सेन्सॉरने छळलं तेव्हा त्यांनी नाव बदलून 'साखळीतला माणूस' केलं होतं, त्याचीच ही नक्कल. पाच अंकांत बदकाचा श्वास संपला. ५ जुलै १९१६ ला ते पुन्हा उठलं आणि वाचकांना वचन दिलं: काटेकोर तपासणीनंतर जी बातमी पूर्णपणे खोटी ठरेल, तीच आम्ही छापू. इतर पत्रं खंदकातल्या मृत्यूची रसभरीत वर्णनं छापत होती, जर्मन तोफगोळे फुटतच नाहीत असं सांगत होती, तेव्हा हा टोला नेमका बसला. १९१७ मध्ये बदकाने वाचकांकडून मतं मागवली: देशाच्या डोक्यात भुसा भरणाऱ्या टोळीचा म्होरक्या कोण? सैनिकांनी आणि नागरिकांनी संपादक ग्युस्ताव्ह एर्वे यांना निवडून दिलं. लेखक मोरिस बारेस यांचा नंबर त्यांच्या मागोमाग.

गहाणपेढीची स्थळप्रत

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पॅरिसला आर्थिक घोटाळ्यांची रांग लागली. मार्त आनो ही बुद्धिमान बाई 'गाझेत द्यु फ्राँ' नावाचं अर्थविषयक पत्र काढून त्याच्याच जोरावर लोकांकडून ठेवी घेत होती. १९२८ च्या डिसेंबरात तिला अटक झाली. १९३० मध्ये बँकर अल्बेर उस्त्रिकचं साम्राज्य कोसळलं आणि त्याच्याबरोबर एक सरकारही. १९३२ मध्ये पॅरिसमध्ये बाझलच्या एका स्विस बँकेच्या माणसांवर छापा पडला, तेव्हा कर चुकवणाऱ्या ग्राहकांच्या यादीत सिनेटर, सेनाधिकारी, बिशप आणि वृत्तपत्रांचे मालक सापडले.

पण साऱ्यांचा कळस म्हणजे स्ताविस्की. बायोन हे नैर्ऋत्य फ्रान्समधलं गाव. तिथे नगरपालिकेची गहाणपेढी होती. फ्रान्समध्ये अशा सार्वजनिक गहाणपेढ्या जुन्या काळापासून आहेत. दागिना ठेवायचा, कर्ज घ्यायचं. पेढी भांडवलासाठी रोखे काढते आणि विमा कंपन्या ते विश्वासाने घेतात, कारण पाठीशी सोनं-रत्नं असतात. अलेक्झांद्र स्ताविस्कीने पेढीच्या व्यवस्थापकाला हाताशी धरलं. खोटे किंवा भरमसाट किंमत लावलेले दागिने तारण म्हणून आले. रोख्याच्या हातात जाणाऱ्या भागावर मोठी रक्कम लिहायची आणि पेढीत राहणाऱ्या स्थळप्रतीवर किरकोळ. पेढीची वही पाहणाऱ्याला सगळं आलबेल दिसे, आणि रोखा घेणाऱ्यालाही. दोन्ही कागद एका टेबलावर कुणी शेजारी ठेवले नाहीत, तोवर २० कोटींहून अधिक फ्रँक हवेत गेले. स्ताविस्कीच्या पैशावर वर्तमानपत्रंही जगत होती. एका दैनिकाचे संचालक पुढे याच प्रकरणात अडकले.

८ जानेवारी १९३४ ला शामोनीच्या एका बंगल्यात पोलीस पोचले तेव्हा स्ताविस्की डोक्यात गोळी लागून मरणपंथाला लागला होता. सरकारने आत्महत्या म्हटलं. बदकाने त्यावर दिलेला मथळा फ्रेंच पत्रकारितेत अजून सांगितला जातो: अगदी जवळून झाडल्या गेलेल्या रिव्हॉल्व्हरच्या गोळीने स्ताविस्कीने आत्महत्या केली. एका वाक्यात सरकारी निवेदनाचा निकाल लागला. महिनाअखेरीस पंतप्रधान शोताँ गेले, आणि ६ फेब्रुवारीला पॅरिसच्या रस्त्यावर रक्त सांडलं.

या साऱ्या काळात बदक शोधपत्रकारिता करत नव्हतं, हे मात्र नोंदवायला हवं. बातमी दुसऱ्यांची असे, टोला बदकाचा. त्याची कमाई वेगळीच होती: आपल्या लोकांनी कुणाचं मिंधं व्हायचं नाही, हा दंडक याच काळात घट्ट झाला. प्येर सीझ हे बदकाचे नामांकित पत्रकार. १९३० च्या दशकात त्यांनी सरकारचा लेजियाँ द'ओनर हा किताब स्वीकारला, आणि त्यांना बदकाची नोकरी सोडावी लागली. फीत छातीवर लावायची की बदकात लिहायचं, दोन्हींतून एकच निवडा.

पंतप्रधानांचा प्राप्तिकर

११ जून १९४० ला जर्मन फौजा पॅरिसच्या उंबरठ्यावर असताना बदकाने शेवटचा अंक काढला आणि ताबा असेपर्यंत दुकान बंद ठेवलं. मारेशाल १९४२ मध्ये वारले. ६ सप्टेंबर १९४४ ला पत्र पुन्हा निघालं, ते जान मारेशाल यांच्या हाती. खप आधी पाच लाखांवर चढला आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लाखाच्या आसपास कोसळला. अल्जीरियाचं युद्ध आणि द गॉल यांनी त्याला पुन्हा वाचक मिळवून दिले. द गॉल यांच्या राजवटीवर बदक दर आठवड्याला राजदरबाराची बखर लिहीत असे.

खरा पालट १९७० च्या सुमारास झाला. पत्राचे संचालक रोजे फ्रेसोझ यांच्या काळात थट्टेच्या शेजारी तपास आला. लोक कागद आणून देऊ लागले: खात्यातले असंतुष्ट कारकून, हिशेब तपासनीस, कधी प्रतिस्पर्धी मंत्र्याचे सहायकसुद्धा.

१९७२ च्या जानेवारीत बदकाने पंतप्रधान झाक शाबाँ-देलमास यांची प्राप्तिकराची विवरणपत्रं छापली. १९६७ ते १९७० या चार वर्षांत त्यांनी एक फ्रँकही कर भरला नव्हता. चोरी मात्र कुठेच नव्हती. गोम होती १९६५ च्या कायद्यात. कंपनीने २०० फ्रँक नफा कमावला की निम्मे सरकार कर म्हणून घेई. उरलेले १०० भागधारकाला लाभांश म्हणून मिळाले की, कंपनीने आधीच कर भरला आहे म्हणून त्याच्या नावावर ५० फ्रँकांची करसवलत जमा होई. त्याचं उत्पन्न धरायचं १५०, आणि येणाऱ्या करातून वजा करायचे ५०. समभाग पुरेसे असतील तर ही सवलत पगारावरचा करही गिळून टाकी. मिळकतीत नुसता पगार असलेल्या शिक्षकाला ही सोय नव्हती. पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवर येऊन सगळं कायदेशीर असल्याचं सांगितलं. लोकांना तेच झोंबलं. कर हा विषय अर्थशास्त्र्यांच्या पानावरून चहा-कॉफीच्या टेबलावर आला. त्या वर्षीच्या जुलैत शाबाँ पायउतार झाले. कारणं अनेक होती, पण ही जखम भरली नाही.

राज्यकर्त्यांनीही बदकाची दखल आपल्या पद्धतीने घेतली. ३ डिसेंबर १९७३ च्या रात्री व्यंगचित्रकार आँद्रे एस्कारो रू सँतोनोरेवरच्या नव्या कार्यालयावरून जात होते. जागा अजून सजत होती, तरी आत दिवा दिसला म्हणून ते वर गेले. आत काही माणसं जमिनीच्या फळ्या उचकटून काम करत होती. आम्ही नळदुरुस्तीवाले, असं त्यांनी सांगितलं. ते होते गुप्तचर खात्याचे लोक, आणि ते बसवत होते ते नळ नव्हते, ध्वनिग्राहक होते. त्यानंतर फ्रान्समध्ये 'प्लंबर' म्हटलं की लोक हसू लागले. गृहमंत्री मार्सेलँ यांना काही महिन्यांत ते खातं सोडावं लागलं. शिक्षा कुणालाच झाली नाही.

सरळ दिसलेली वाकडी पट्टी

एखाद्या गुन्ह्याची गोष्ट फक्त फ्रान्समध्येच घडू शकते असं म्हणायचं झालं, तर ती 'हुंगणाऱ्या विमानां'ची. १९७३ च्या तेलसंकटाने सगळे देश घायकुतीला आले होते. एल्फ या फ्रेंच सरकारी तेल कंपनीकडे दोघे जण आले: बेल्जियमचे उमराव आलँ द व्हिलेगास आणि इटलीचे स्वयंशिक्षित तंत्रज्ञ आल्दो बोनास्सोली. त्यांच्याकडे म्हणे असं यंत्र होतं, जे विमानात ठेवून उडालं की जमिनीखालचं तेल पडद्यावर दाखवी. १९७६ मध्ये करार झाला. सगळं अत्यंत गुप्त ठेवलं. राष्ट्राध्यक्ष झिस्कार देस्तँ यांना माहीत, पंतप्रधान बार यांना माहीत. परकीय चलनाच्या नियमांतून सूट मिळाली आणि पैसा स्वित्झर्लंडच्या खात्यांत जाऊ लागला. जिथे आधीच तेल सापडलेलं होतं तिथे यंत्राला ते बरोब्बर दिसे. नवी विहीर खणली की मात्र कोरडी.

१९७९ च्या मे महिन्यात अणुऊर्जा खात्याचे भौतिकशास्त्रज्ञ झ्यूल होरोविट्झ यांना यंत्र तपासायला बोलावलं. यंत्र भिंतीपलीकडची वस्तूही पाहू शकतं, असा दावा होता. पलीकडे एक पट्टी ठेवायची, पडद्यावर तिचं चित्र उमटेल. होरोविट्झ यांनी कुणाला न सांगता पट्टी वाकवून ठेवली. पडद्यावर चित्र उमटलं, छान, स्पष्ट, आणि पट्टी सरळ. चित्र आधीच तयार होतं. त्या एका पट्टीने कित्येक कोटी फ्रँकांचा फुगा फोडला.

आता सगळ्यांनी ते लपवायचं ठरवलं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या न्यायालयाच्या एका अधिकाऱ्याने अहवाल लिहिला, मोजक्याच प्रती काढल्या गेल्या, आणि त्या न्यायालयाच्या अध्यक्षांनीच निवृत्त होताना आपल्याकडच्या प्रती नष्ट केल्या. २१ डिसेंबर १९८३ च्या अंकात बदकाने पत्रकार प्येर पेयाँ यांचा शोध छापला आणि 'हुंगणारी विमानं' हे नाव देऊन टाकलं. नव्या समाजवादी सरकारच्या मंत्र्याने संसदेत सांगितलं की अहवाल नाहीसा झाला आहे. त्यावर माजी राष्ट्राध्यक्ष झिस्कार दूरचित्रवाणीवर प्रकटले आणि त्यांनी तो अहवाल हातात धरून दाखवला. सरकारी दप्तरात नसलेली प्रत त्यांच्या घरी होती. आपली बाजू मांडायला आले आणि बदकाची बातमी शाबीत करून गेले.

याच झिस्कार यांना बदकाने आधीही भाजलं होतं. ते अर्थमंत्री असताना मध्य आफ्रिकेच्या बोकासा या हुकूमशहाने दिलेल्या हिऱ्यांची बातमी १० ऑक्टोबर १९७९ ला आली. त्यांचे अर्थसंकल्प मंत्री मोरिस पापाँ यांच्यावर १९८१ च्या मे महिन्यात बदकाने जे कागद छापले, ते मात्र पैशाचे नव्हते: १९४२ पासून बोर्दोच्या ज्यूंना छळछावणीकडे पाठवण्याच्या आदेशांवर पापाँ यांच्या सह्या होत्या. १९९८ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली.

पाकिटातून आलेली झेरॉक्स

बदकाच्या कामाची रीत सगळ्यात नीट दिसते ती प्यूजोच्या प्रकरणात. १९८९ च्या सप्टेंबरात प्यूजोच्या कारखान्यांत कामगार पगारवाढीसाठी संपावर होते. कंपनीचे अध्यक्ष झाक काल्वे काटकसरीचा उपदेश करत होते आणि स्वतःच्या पगाराचा आकडा सांगत नव्हते. बदकाचे पत्रकार क्लोद रुआर यांच्याकडे निनावी पाकीट आलं. त्यात काल्वे यांच्या तीन वर्षांच्या करआकारणीच्या नोटिसांच्या झेरॉक्स प्रती होत्या. २७ सप्टेंबरच्या अंकात लेख आला. काल्वे यांनी आपल्या पगाराला टर्बो बसवला, असा मोटारवाल्याला साजेसा मथळा, आणि खाली आकडा: दोन वर्षांत ४५.९ टक्के वाढ. शेजारी करपत्राचे तुकडे छापलेले.

काल्वे कोर्टात गेले. पगाराचा आकडा खोटा आहे, असं ते म्हणू शकत नव्हते. मग आरोप काय? कर खात्यातून चोरलेल्या झेरॉक्स प्रती बाळगल्या, हा चोरीच्या मालाचा गुन्हा. खालच्या कोर्टाने सोडलं. १९९३ मध्ये वरच्या कोर्टाने फ्रेसोझ यांना १०,००० आणि रुआर यांना ५,००० फ्रँक दंड केला. काल्वे यांना भरपाई मिळाली ती प्रतीकात्मक, एक फ्रँक.

मामला युरोपीय मानवी हक्क न्यायालयात स्ट्रासबर्गला गेला. तिथे एक साधी गोष्ट पुढे आली. फ्रान्समध्ये तुम्ही एखाद्या गावात कर भरत असाल, तर त्या गावातल्या करदात्यांचं उत्पन्न आणि कर यांची यादी कर कार्यालयात जाऊन पाहू शकता. म्हणजे काल्वे यांची मिळकत त्यांच्या शेजाऱ्यांना विचारून कळण्यासारखी होती. आकडा गुपित नव्हता, नुसता कागद गुपित होता. बातमी खरी, विषय जनतेच्या हिताचा, मग पुरावा म्हणून कागद दाखवला तर गुन्हा कसला? २१ जानेवारी १९९९ ला न्यायालयाच्या मोठ्या पीठाने एकमताने फ्रान्सविरुद्ध निकाल दिला. युरोपभरच्या पत्रकारांचे वकील आजही या निकालाचा आधार घेतात. त्यासाठी दहा वर्षं आणि चार पायऱ्यांची कोर्टबाजी लागली. ती पेलायला पैसा लागतो, आणि तो ज्याचा असेल तोच ठरवतो की लढायचं की तडजोड करायची.

स्वतःची चोपडी

इथे बदकाचं स्वतःचं गणित सुरू होतं. कंपनीचे मालक तिथलेच लोक, बाहेरचा भागधारक नाही. जाहिरात नाही, सरकारचं थेट अनुदान नाही. छापील पत्रांना मिळणारा २.१ टक्के इतका कमी मूल्यवर्धित कर त्यालाही लागू आहे, एवढंच. पत्रकारांना पगार चांगला, पण बंधनं कडक: शेअर बाजारात खेळायचं नाही, दुसरीकडे लिहून पैसे मिळवायचे नाहीत, भेटी घ्यायच्या नाहीत, किताब घ्यायचे नाहीत. बाजारावर लिहिणाऱ्याने बाजारात उतरू नये, हा नियम अनेक मोठ्या दैनिकांना कागदावरसुद्धा जमला नाही.

नफा होतो तो वाटून न घेता राखीव निधीत जातो. ही गंगाजळी आज सुमारे १३ कोटी युरोंची आहे, असं सांगितलं जातं. साप्ताहिक आपला ताळेबंद दरवर्षी आपल्याच पानांवर छापतं. हा पैसा साठवण्यामागे हौस नाही, व्यवहार आहे. फ्रान्सच्या १८८१ च्या वृत्तपत्र कायद्यानुसार बदनामीच्या खटल्यात तुम्हाला बातमी खरी ठरवायची असेल, तर समन्स आल्यापासून दहा दिवसांत सगळे पुरावे आणि साक्षीदारांची नावं द्यावी लागतात. म्हणजे पुरावा छापण्याआधीच हातात हवा, आणि वकील तयार हवा. दरसाल काही खटले हरले तरी ज्याचा कारभार थांबत नाही, अशा पत्रालाच ही सवय परवडते.

त्या सवयीचं फळ २५ जानेवारी २०१७ ला दिसलं. राष्ट्राध्यक्षपदाचे आघाडीचे उमेदवार फ्राँस्वा फियों पाच लाख सरकारी पदं कमी करण्याचं वचन देत होते. बदकाने छापलं की त्यांच्या पत्नीला संसदीय सहायक म्हणून जवळपास पाच लाख युरो मिळाले, आणि काम केल्याची खूण सापडत नाही. पुढच्या अंकात रक्कम नऊ लाखांवर गेली. फियों पहिल्याच फेरीत हरले. २०२० मध्ये न्यायालयाने पती-पत्नी दोघांनाही दोषी ठरवलं.

मात्र बदकाची नजर सर्वदूर पोचते, असं नाही. २०१२ च्या अखेरीस अर्थसंकल्प मंत्री जेरोम काउझाक यांचं स्विस खातं शोधलं ते 'मेदियापार' या इंटरनेटवरच्या पत्राने. तेही जाहिरात घेत नाही; वाचकांच्या वर्गणीवर चालतं. रीत बदकाची, माध्यम वेगळं. बदक मात्र छापील कागदाला इतकं चिकटून राहिलं की, त्याचा अंक पडद्यावर वाचायला मिळू लागला तो २०२० च्या टाळेबंदीत.

आणि मग ज्याने दुसऱ्यांच्या वह्या उघडल्या, त्याची वही उघडायची वेळ आली. २०२२ मध्ये फियों प्रकरणावर काम केलेल्या बदकाच्याच एका पत्रकाराने पोलिसांत तक्रार दिली: एका जुन्या व्यंगचित्रकाराच्या जोडीदाराला वर्षानुवर्षं पगार मिळत होता, पण ती कार्यालयात काम करताना कुणी पाहिली नाही. बनावट नोकरीचा तोच आरोप. बचाव असा की व्यंगचित्रकाराच्या कामात तिचा हातभार होता. २०२४ मध्ये खटला चालला आणि पॅरिसच्या न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. पण निकालाआधीच कार्यालयात दोन तट पडले होते आणि प्रतिस्पर्ध्यांनी मनसोक्त हसून घेतलं होतं. हे हसणं बदकाने शिकवलेलंच होतं.

आपल्या गप्पांत शोधपत्रकारिता म्हणजे धाडस, असं समीकरण असतं. बदकाची हकीकत वाचली की वाटतं, धाडस हा त्यातला लहान हिस्सा. १८३६ मध्ये झिरार्दँने वर्गणी निम्मी केली तेव्हा वाचकाने चाळीस फ्रँक वाचवले आणि पत्रावरचा निम्मा हक्क सोडला. राफालोविचने तो हक्क रोखीने विकत घेतला, स्ताविस्कीनेही. बदकाने तो वाचकाकडेच ठेवला, म्हणूनच मंत्र्याचं भाडं, अध्यक्षांचा पगार आणि तेल कंपनीची पट्टी छापून येऊ शकली. पण हा व्यवहार दोन्हीकडून चालतो. खप पूर्वीसारखा राहिलेला नाही, वाचकांचं वय वाढतं आहे, आणि गंगाजळी कितीही मोठी असली तरी ती वापरून संपणारी गोष्ट आहे. मंत्री, बँकर, कारखानदार, गुप्तचर खातं, यांपैकी कुणाला हे पत्र बंद पाडता आलं नाही. त्याला बंद पाडू शकेल असा माणूस एकच आहे: बुधवारी पैसे मोजायचं थांबवणारा वाचक.